दोन तास दहा मिनिटं

सोमवार, ४
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आणि डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या, झोप चुकवायची नाही, झोप चुकली की फिट येते! आता त्या भीतीनंच झोप येत नाही. काय करू?

पुढच्या सोमवारी मोठ्या दवाखान्यात नंबर लागलाय. दादाने तीन महिने खेटे घालून लावला. तो तिकडेच राहतो, बाराशे किलोमीटरवर. बसने सव्वीस तास. म्हणून विमान. दोन तास दहा मिनिटं. ह्यांना सुट्टी नाही, नोकरी नवी. मी एकटी — आणि मांडीवर सात महिन्यांची पोर. वर असताना फिट आली तर? ती पडली तर?

मंगळवार, ५
दादाचा फोन. म्हणे, "दोन तास म्हणजे काय गं! लहानपणी रुसून पलंगाखाली बसायचीस, ते याच्याहून जास्त." हसू आलं. मग मी विचारलं, मधे कुठे उतरता येतं का? तर म्हणाला, "माझं गाठोडं नीट घेऊन ये. मी विमानतळाच्या दारातच उभा असेन." पोरीला गाठोडंच म्हणतो तो.

फिटच्या आधी मला जळक्या दुधाचा वास येतो. घरात दूध नसलं तरी. मग जीभ जड होते, शब्द फुटत नाही. हात तेवढा चालतो, थोडाच वेळ.

गुरुवार, ७
आज घरातच विमान केलं! खुर्चीत बसले, ओढणीने कंबर बांधली, पोर मांडीवर, समोर घड्याळ. हे ताटलीत पाण्याचा पेला घेऊन आले. "मॅडम, काही हवं का?" म्हटलं, खिडकी उघडा. "खिडकी उघडत नाही मॅडम. नवराही मिळत नाही इथे." म्हणाले आणि तोंड फिरवून मोरीत गेले. मी बघितलं ना, डोळे पुसत होते.

बेल वाजली, उठले नाही. पोर दोनदा ओली झाली. दोन तास दहा मिनिटं पुरी! काही झालं नाही मला.

शुक्रवार, ८
झोपले! मेल्यासारखी.

रविवार, १०, विमानात
अजून जमिनीवरच. साडेसातला सुटणार होतं, साडेनऊ वाजले. घरातली खुर्ची लगेच उडाली होती! असं जमिनीवर बसून राहायचं आम्ही धरलंच नव्हतं. दहाची गोळी उतरल्यावर घेणार होते. गोळ्या मोठ्या बॅगेत, आणि ती विमानतळावरच्या लोकांनी घेतली, विमानाच्या पोटात टाकली. हे म्हणाले होते, "तिथल्या हवाईसुंदरीला फिटचं आधीच सांगून ठेव." लाज वाटली. नाही सांगितलं.

शेजारी एक आजी आहेत, शिवणकाम करतात. पोरीचं झबलं उलटं करून शिवण बघितली. "कुणी शिवलं गं? हात चांगला आहे." म्हटलं, मीच. बरं वाटलं. विमान उडालं की आजींना सांगेन सगळं.

अकरा वाजले, आत्ताच उडालो
दूध जळतंय. इथे कुणी दूध तापवत नाहीये.

पोर आजींच्या मांडीवर दिली. हसल्या. म्हणाल्या, झोप तू जरा. मला बोलता येत नाही.

वही उघडी ठेवते. कोणी वाचेल त्याने — मला फिट येते. कुशीवर करा. तोंडात काही घालू नका. उतरल्यावर माझ्या दादाला फोन करा. नंबर पुठ्ठ्याच्या आत. दारातच उभा आहे तो. सांगा, गाठोडं पडलं नाही