खाडीत मागे राहिलेलं पिल्लू

माहुल गाव,
४ जून, बुधवार

सौरभ यास आईचा आशीर्वाद.

आशीर्वाद दिला, आता ऐक. मी सगळ्या चाळीला सांगत सुटले, पोरगा कच्छला कंपनीत परत रुजू झाला, आणि तू मेल्या भांडुपला कमलमावशीकडे लोळतोयस! आज ती कोलंबी न्यायला आली तेव्हा तिच्या तोंडून निघालं. माझी सख्खी बहीण, आणि आठवडाभर गप्प. फोन तू कापतोस, मोबाईलवर लिहायला मला जमत नाही, म्हणून ही चिठ्ठी तिच्याच पिशवीत टाकतेय.

इथे सगळं ठीक. पाण्याची बोंब आहे ती आहेच. नीट जेवतोस ना? कमल मसाला हात राखून घालते.

खाडीतले फ्लेमिंगो गेले. पाऊस जवळ आला की जातात, दरवर्षीचंच. तुझ्या त्या कच्छलाच जातात म्हणे. पण यंदा दोन मागे राहिलेत. एक मोठा, गुलाबी. एक राखाडी पिल्लू, पाय नुसत्या काटक्या; इथवर उडतच आलं असणार, पण आता उठायला धजत नाही. मोठा तो आई की बाप, मला काय ठाऊक, मी आईच धरते. ती उडते, जेट्टीवरून गोल फिरते, ओरडते. पिल्लू जरासं धावतं, पंख फडफडवतं आणि थांबतं. मग ती परत खाली. रोज हेच. कोलंबी सोलताना माझं लक्ष तिकडे, बोटात काटा गेला तरी कळत नाही. पाऊस आता कधीही कोसळेल. आणि ओहोटीला कुत्री चिखलात उतरतात.

परवा होडीवाला धाकूमामा म्हणाला, "जानके, हे असं नाही उडायचं. घाबरवायला लागतं." आणि त्याने पत्र्याचा डबा बडवला. आई उडाली. पिल्लू चिखलात खाली बसलं, मान आत घालून. ती लगेच फिरली आणि डब्याच्या नि पिल्लाच्या मधे येऊन उभी राहिली.

मी ओरडले, "लहान आहे ते! तुझं काय जातं रे डबा बडवायला?"

तर म्हणतो कसा, "आणि तू पोराची बॅग दाराबाहेर फेकलीस ती?"

फेकली नव्हती. ठेवली होती.

जोरात ठेवली होती.

त्या दिवशी तू सांगत होतास, कच्छला बोलायला कोणी नाही, खोलीत जीव घाबरा होतो. मी म्हटलं, एवढा घोडा झालास आणि घाबरतोस? चाळ ऐकेल म्हणून तुला पुरतं बोलूही दिलं नाही. तू गेलास तेव्हा मी नळावर होते, असं कमलला सांगितलंय. नळाला पाणी नव्हतं त्या दिवशी. मी दाराआड होते.

काल ती आई उडालीच नाही. पिल्लाच्या बाजूने उथळ पाण्यातून चालायला लागली. मग धावायला लागली. तेही धावलं. दोघं उठली आणि पलीकडच्या तिवरांच्या झाडांपाशी जाऊन उतरली. एवढंसंच. पण उडालं.

आजच तुझ्या साहेबाचाही फोन आला. सोमवारपर्यंत जागा ठेवतो म्हणाला. मी येते सोबत. वसईच्या पुढे मी कधी गेले नाही, तरी येते. तुझा जीव रमला की माझी मी परत येईन. लाज वाटली तर सांग तिथे, आई देवदर्शनाला आलीय. आणि जायचंच नसेल तर तेही घरी येऊन माझ्या तोंडावर सांग. या खेपेला मधे बोलणार नाही.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला कळलं पाहिजे. मावशीच्या तोंडून नाही, तुझ्या. दोन तिकिटं काढू, की तुझी बॅग परत घरात घेऊ?

दार लोटून न घेतलेली,
तुझी आई