यांचं चौकडीचं फडकं

रायपूर, मंगळवार संध्याकाळ

आज यांनी ओटा सहा वेळा पुसला. रेल्वेतून रिटायर झाले तेव्हापासून सायंकाळचा ओटा यांच्याकडेच. चौकडीच्या फडक्यानं पुसून झाला की "लाइन क्लिअर" म्हणायचे, अन् मग मी सैपाकघराचा लाइट बंद करायची. आता पुसलेलंच ध्यानात राहत नाही. आज पुसता पुसता गॅसचं बटन फिरलं. वास आला म्हणून मी धावली, नाही तर?

फोनवर पोरीले सांगितलं, तर म्हणते, "माँ, कपड़ा छुपा दो." लपवलं. काहून ऐकलं मी तिचं? हे एकेक डबा उघडून फडकं शोधत राहिले. मग अंगातली बनियन काढून तिनंच पुसाले लागले. "माझं फडकं दे न मले," म्हणाले. भांडले असते तर बरं झालं असतं.

सिलेंडर खालून बंद केलं अन् फडकं यांच्या हाती दिलं. पण ओटा तर चकचकीत. पुसतील काय? मीच त्यावर मूठभर कणीक सांडली.

यांनी पुसली. "लाइन क्लिअर," म्हणाले.

कणकेच्या डब्याचं झाकण मी उघडंच ठेवलं.