टिटवाळ्याच्या वाटेवरचं शेंडेनक्षत्र

कल्याण, ता. १० ऑक्टोबर १८८२

प्रिय महिपत,

नमस्कार. ठाण्याला वडिलांचं श्राद्ध नीट पार पडलं असेल. आईंना माझा साष्टांग नमस्कार सांग. इथे सर्व ठीक.

पत्र तुला एकट्याला आहे, पण लिहिताना तुम्ही सगळेच माझ्यासमोर बसलेले दिसता: बी. ए.चा भाड्याचा झगा घालून मिरवलेले आणि आता मामलेदार कचेरीच्या ओट्यावर बिनपगारी उमेदवारी करणारे. बंधूंनो, युनिव्हर्सिटीने आपल्याला स्वातंत्र्य शिकवलं. कचेरीने काय शिकवलं? कोणता कारकून किती खोकतो, ते कान देऊन ऐकायला! माणूस मरतो तेव्हा जागा रिकामी होते. ती जुन्या उमेदवाराची. पण तो गावात नसला, तर जो आधी अर्ज देईल त्याची. हा न्याय!

असो. बातमी सांगतो.

शनिवारी धाकू शिपाई म्हणाला, "टिटवाल्यास्नं मानूस आलेला. दौलतरावांचं काय खरं नाय. रात काढीत नाहीत." आपले म्हातारे अव्वल कारकून तापाने अंथरुणाला खिळलेले, हे तुला ठाऊकच होतं. तू माझ्या आधीचा उमेदवार. तुझ्या घरी दुसरं कमावणारं कोणी नाही. तुला निरोप पाठवता आला असता.

पाठवला नाही.

रविवारी पहाटे, पहिल्या गाडीचीही वाट न पाहता, मी पायीच निघालो. अर्ज पगडीत. मान खाली घालून वाटभर सांत्वनाची वाक्यं जुळवत होतो. चांगली जुळली होती रे!

पोचलो तर दौलतराव अंगणात, बाजेवर घोंगडी पांघरून पेज पीत बसलेले. ताप उतरला होता.

"उमेदवार आले वाटतं!" कमळाबाई दारातून म्हणाल्या. "जरा लवकरच आलात हो. यांचं अजून आटोपलं नाही."

मला धरणीत गडप व्हावंसं वाटलं. म्हातारा मात्र हसला. "ओशाळू नकोस. माझ्या आधीच्या कारकुनाकडे मीही असाच धावलो होतो. तो बापडा खरंच गेला होता." मग म्हणाला, "बरं, वाटेत कसं दिसलं?"

"काय?"

"काय म्हणजे? कल्याणपासून तोंड पूर्वेलाच ना तुझं?" आणि खांदा धरून त्यांनी मला पुन्हा पूर्वेकडे वळवलं.

महिपत, शेंडेनक्षत्र! झाडांच्या वर तळपणारं डोकं, आणि त्यावर तिरपी उभी पांढरी शेपटी, इतकी लांब की ती पाहताना माझी पगडी मागे घसरली. वर्तमानपत्रात वाचून मी तुम्हांला ओट्यावर याच धूमकेतूवर व्याख्यान दिलं होतं, आठवतं? बोटाने हवेत त्याची कक्षाही काढली होती. पहाटे उठून पाहिलं मात्र नव्हतं. आणि त्या दिवशी तर सबंध वाट मी त्याच्याकडेच तोंड करून चाललो होतो, एका म्हाताऱ्याच्या मरणावर डोळे लावून.

शेजारची माणसं बांधावर उभी होती. कोणी हात जोडले होते, कोणी अपशकुन म्हणून पोरांचे डोळे झाकले होते. मला ना हात जोडता आले, ना काही समजावून सांगता आलं. मी! चार माणसांच्या सभेतही तासभर गर्जणारा! पगडी हातात घेऊन नुसता उभा राहिलो. ते विझत विझत उजेडात मिसळून गेलं, तरी मान खाली घालवेना.

दौलतराव म्हणाले, "दिवाळीनंतर मी पेन्शन घेतोय. मामलेदारसाहेब माझा शब्द मोडत नाहीत. आलास एवढा चालत, तर तुझं नाव सांगतो."

मी म्हणालो, "महिपतचं सांगा. तो माझ्या आधीचा आहे."

ऊन चढल्यावर पश्चात्ताप झाला, हेही लिहितो. पण शब्द मागे घेतला नाही. काल मी उमेदवारीही सोडली. पुढे काय, ठाऊक नाही. बाबांना सांगायचं आहे, त्याला मात्र अजून धीर होत नाही. कोणाच्या मरणाची वाट पाहून मी यापुढे जगणार नाही, एवढंच सांगता येईल.

तू येत्या रविवारी पहाटे कल्याणहून टिटवाळ्याला जा. अर्ज दौलतरावांच्या हाती दे. गाडीने जाऊ नकोस, पायी जा. आणि वाटभर मान वर ठेव.

आता तुझ्या मागे रांगेत नसलेला, पण तुझाच,
गोपीनाथ