ऑपरेशनच्या आधी दाढ

मीरा रोड, १४ जून १९९४, संध्याकाळ

डॉक्टर म्हणाले, किडलेली दाढ काढल्याशिवाय हृदयाची झडप बदलता येणार नाही, आणि तिथेच माझी सगळी मिजास उतरली. ऑपरेशनसाठी शनिवारी वेल्लोरची गाडी आहे. छाती उघडणार त्याचं काही नाही, पण दाढ?

समोरच्या विंगमधल्या सुनीताला सांगितलं, तर हसायला लागली. "प्रिन्सिपॉलच्या अंगावर धावून जाऊन कॉलेज सोडलंस, आणि दाढेला घाबरतोस?"

चिडून म्हणालो, "मग ये ना सोबत."

"येते. पण ऑपरेशननंतर मारामारी बंद हं. रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यायची, लागलं तर रक्त थांबत नाही."

हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. म्हणजे ही एकटीच डॉक्टरांकडे जाऊन आली? माझ्या जन्मभराची चौकशी करायला?

एक काय, दोन दाढा काढा. ती खाली रिक्षा थांबवून उभी आहे. निघतोय, दार ओढून घेतो.