जाड पैलवान दुसऱ्या भागात येईल का

गुरुवार, १८ नोव्हेंबर १९९३
पाथरी

अण्णा,

तुम्ही गेल्यापासून मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफ करा. रोजची वही मात्र लिहितो, आणि तिच्यात सध्या जे एकच प्रकरण चाललं आहे ते सांगावं असा माणूस सापडेना. बायकोला सांगितलं तर ती माझे पांढरे केस मोजायला बसेल. कचेरीत सांगितलं तर संपलंच. तुम्हाला कुस्तीतलं कळायचं, आणि आता तुम्ही कुणाजवळ बोलणारही नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो.

परभणीच्या स्टँडसमोरच्या बोळात व्हिडिओ गेमचं दुकान आहे. कपाटाएवढी लाकडी पेटी, तिला टीव्हीसारखी काच, आणि काचेत दोन माणसं मारामारी करतात. बाहेर उभं राहून आपण दांडा हलवला आणि बटणं दाबली की आतला माणूस लढतो. नाणं टाकलं की फड सुरू. उन्हाळ्यात एका संध्याकाळी कचेरी सुटल्यावर पाथरीची गाडी लागेना, म्हणून मी तिथे नुसता पंख्याखाली उभा राहायला शिरलो. पंख्याखाली उभं राहायला नाणं कशाला लागतं, हा प्रश्न मी वहीत स्वतःला बरेचदा विचारला आहे. उत्तराची जागा कोरी आहे. घरी बायको विचारते, "आजबी गाडी उशिरा लागली का हो?" मी हो म्हणतो. ते खोटं नाही, कारण मी ज्या गाडीने येतो ती खरोखर उशिराची असते. जी मी सोडून देतो ती वेळेवर सुटलेली असते, एवढंच मी सांगत नाही.

खेळाआधी काचेत सगळ्या पैलवानांचे चेहरे येतात आणि त्यातला एक निवडायचा असतो. सगळे तो तळहातातून जाळ फेकणारा तरणा गडी घेतात. मी पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या माना पाहिल्या. ही सवय तुमची. झरीच्या जत्रेतला तो दिवस आठवतो? तुमचा खांदा निखळल्यापासून तुम्ही लढणं सोडलं होतं आणि फडाच्या कडेला घोंगडीवर बसून पैलवानांच्या जोड्या लावायचात. मी कॉलेजातून सुटीला आलेलो, इस्त्रीची पँट घालून. तुम्ही एका पोटसुट्याची जोड एका काडीसारख्या गड्याशी लावलीत आणि मी सगळ्यांदेखत बापावर ओरडलो, "ही जोड बरोबर नाही!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "शिकलेला माणूस हाय. ये. चपला काढ." आणि सोनपेठच्या एका माझ्या निम्म्या अंगाच्या गड्याशी माझी जोड लावलीत. सलामीचा हात नीट सुटलाही नव्हता, तोवर मी आभाळ बघत होतो. तुम्ही माझ्यावर वाकलात. "पोट काय बघतूस? मान बघ, मान." सदरा फाटला होता, म्हणून संध्याकाळी जत्रेतच नवा घेऊन दिलात, एक माप मोठा. "मान मोठी हुईल तुजी," म्हणालात. अजून झालेली नाही.

तर काचेत सगळ्यांत जाड मान ज्याची होती तो मी निवडला. पोट मोठं, चाल बैलगाडीची, डोक्यावर केस नाहीत, म्हणून दुकानात त्याला सगळे म्हातारा म्हणतात. पण तो उभा राहिला आणि माझ्या हातातला दांडा तसाच राहिला, अण्णा. डावा पाय पुढे, पाऊल जमिनीत रोवलेलं, थोडा वाकून डाव्या हाताने शड्डू ठोकतो. तुम्ही उजव्या खांद्याला जपत ठोकायचात, अगदी तसाच. मग समोरच्याने जाळ फेकला आणि तो पडला. तो बहुतेक वेळा पडतोच. पुन्हा नाणं टाकलं की उठून शड्डू ठोकतो.

दिवाळीच्या आधी दुकानदाराने बातमी दिली, "सर, दुसरा भाग आएंगा हैदराबादसे. पुराना बोर्ड निकाल देंगे." बोर्ड म्हणजे पेटीच्या आतलं यंत्र, ज्यात हे सगळे पैलवान राहतात. त्या दिवसापासून दुकानात खेळ कमी आणि चर्चा जास्त. तिथे ड्यूटी संपवून येणारा एक एस.टी. कंडक्टर आहे. त्याला काळजी अशी की दुसऱ्या भागात बंदुका येतील. "मंग पेच कशाला शिकायचे? शेंबडं पोरगंबी जिंकंल!" कॉलेजात शिकणारा एकजण आहे, त्याला वेग वाढलेला हवा आहे आणि जाळ निळा. मी हळूच विचारलं, "जुने सगळे असतील ना?" कंडक्टर म्हणाला, "सर, तुमचा म्हातारा रिटायर हुतोय. पेन्शनचे कागद करा त्याचे." मी फारच वेळा विचारायला लागलो तेव्हा तो कॉलेजातला म्हणाला, "सर, विद्यापीठाच्या नामांतराची वाट आमी पंधरा वर्षं बघायलोत. तुमाला एका गेमचा दोन महिने दम निघंना?" त्याचं बरोबर होतं. पण दम निघत नव्हता हेही खरं.

मग उपाय निघाला, आणि तो माझ्या तोंडून निघाला याची वहीत नोंद आहे. जत्रेत पुढच्या वर्षी कोणत्या पैलवानाला निरोप धाडायचा हे पंच टाळ्यांवरून ठरवायचे. तेव्हा या पेटीतही कोण किती वेळा निवडला जातो हे कुठेतरी उमटत असणारच, आणि कंपनी ते बघत असणार. पेटीला बाहेर जाणारी एकच वायर आहे, ती विजेची, हे मला दिसत होतं. पदवीधर माणसाने एवढा विचार करायला हवा होता. पण कंडक्टर मांडीवर हात मारून म्हणाला, "पटलं! उद्यापासून सगळ्यांनी म्हाताराच घ्यायचा!" आठवडाभर काचेत जाड पैलवानाविरुद्ध जाड पैलवान. दोघेही इतके हळू की वेळ संपायची आणि कुणीच पडायचं नाही. दुकानदार हात जोडून म्हणाला, "नक्को सर, कुस्ती है के रांग है?"

आज नवा बोर्ड बसला. आम्ही सगळे पेटीपुढे दाटीने उभे. चेहरे आले. जाळवाला आहे, चार नवे आहेत, एक बाईही आहे. मी दोनदा डावीकडून उजवीकडे आणि एकदा उलटं पाहिलं. तो नाही. कंडक्टर, जो कधी गप्प नसतो, टोपी काढून म्हणाला, "निरोपच धाडला न्हाई हो आपल्या म्हाताऱ्याला." मग मला पहिला मान दिला. मी कुणीतरी निवडला, कोण ते आठवत नाही. देवळापुढचा फड आला, मागे बघ्यांची गर्दी. आणि गर्दीच्या पुढे, खांबाला लागून, एक जाड माणूस खाली बसलेला. डावा हात मांडीवर पडतो, उठतो, पुन्हा पडतो.

"तो बघा!" मी ओरडलो, आणि तेवढ्यात माझा गडी आडवा झाला.

"कुठं?" कंडक्टर काचेला नाक लावून म्हणाला. "ते पोतं हाय, सर."

"वो खंबाच है," दुकानदार म्हणाला.

कॉलेजातला बराच वेळ बघत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोत्याला मान नसती. ह्याला हाय."

आज मी आणखी चार गाड्या सोडल्या असत्या, पण शेवटचीच उरली होती. हे पत्र कुठे टाकणार? वहीतच राहील. वही मिटण्याआधी एक कबूल करतो. दुकानात सगळ्यांना वाटलं की तिकडे लक्ष गेल्यामुळे मी पुन्हा पुन्हा हरलो. तसं नाही. पहिल्या वेळेनंतर मी दांड्याला हातच लावला नाही. नाणं टाकत होतो आणि घोंगडी दिसते का ते बघत होतो.

उद्या: चष्म्याचा नंबर तपासून घेणे.