कोरायचे राहिलेले नाव

मी, चंद्रभान सुखदेव सोमकुवर, वय अंदाजे अडुसष्ट, धंदा दगडावर अक्षरे कोरणे, राहणार चिंचटोली, नागपूर, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहवून घेत आहे. उजवा हात गेल्या डिसेंबरपासून लुळा पडला, म्हणून माझ्या सांगण्यावरून शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक वामनराव ढोके लिहीत आहेत. डोके शाबूत आहे. मला कोणी धमकावलेले नाही की भरीस घातलेले नाही. मधून मधून थांबावे लागते ते डोळ्यांमुळे. त्याचा कोणी वेगळा अर्थ काढू नये.

१. चिंचटोलीतील माझे स्वकष्टाचे घर, दोन खोल्या व पुढचा ओटा, मी माझी नात कुमारी शामला, वय पाच वर्षे, हिला देतो. शामला ही माझी एकुलती मुलगी कै. कौसल्या हिची मुलगी. ती सज्ञान होईपर्यंत घराची देखभाल तिचे वडील रविंद्र भोयर, कोराडी वीज केंद्रातील कारकून, यांनी करावी.

माझा पुतण्या रुपराव याला या घरात हिस्सा नाही. मागच्या महिन्यात तो येऊन म्हणाला, "काका, घर जातीबाहेर चाललं." मी त्याला विचारले, "छप्पन साली दीक्षेच्या मैदानावर तू माह्याच बाजूले उभा होता ना? जात तं आपण तिथंच सोडून आलो. मंग हे जातीबाहेर काय असते गा?" तो उठून गेला. हे एवढे बोलायला मला सहा वर्षे लागली. कौसल्या जिवंत होती तेव्हा मी हे कोणालाच विचारले नाही.

२. पोस्टाच्या पुस्तकावर जे निघेल ते शामलाच्या शाळेच्या खर्चाला.

३. लोखंडी पेटीतील कौसल्याच्या तीन वह्या शामलाच्या आहेत. त्या वह्या काय आहेत ते तिला मोठेपणी कळावे म्हणून इथे लिहवतो.

कौसल्या शिक्षिका होती. मी आयुष्यभर वकिलांच्या बंगल्यांवरच्या नावाच्या पाट्या कोरल्या, पुढाऱ्यांच्या कोनशिला कोरल्या. चौऱ्याहत्तर साली एकदा ती माझ्यासमोर ओट्यावर बसली आणि म्हणाली, "बाबा, सिव्हिल लाइन्समध्ये कोण राहत होतं ते तुम्ही दगडावर लिहिता. आपल्या वस्तीत काहून नाही? इथं काही झालंच नाही का?"

मग शाळा सुटली की ती म्हाताऱ्या बायांकडे वही घेऊन बसू लागली. कुठे काय घडले, कोणाच्या हातून घडले, सगळे विचारून लिहायची. मी दगड कोरायचो. तीन वर्षांत नऊ पाट्या झाल्या. पहिली विहिरीवर: "या विहिरीतून चौतीस साली तुळसाबाईने प्रथम स्वतःच्या हाताने पाणी काढले." तुळसाबाई तेव्हा हयात होती. तिला वाचता येत नव्हते. तिने अक्षरांवरून बोट फिरवले आणि विचारले, "याच्यात मी कुठं हावो वं?" कौसल्याने तिचे बोट धरून 'तु'वर ठेवले.

दसऱ्याला बाहेरगावची माणसे नागपुरात येत, तेव्हा कौसल्या त्यांना विहिरीपासून घेऊन निघायची. कडुनिंबाखाली दोन पेट्यांत गिरणी कामगारांचे वाचनालय सुरू झाले ती जागा, छप्पन साली पाहुण्यांसाठी चुली मांडल्या ते पटांगण, अशी नऊ ठिकाणे. माणसे ऐकत चालायची. मी ओट्यावरून बघायचो.

४. आता ज्याचा मला दोष लागतो ते.

अठ्ठ्याहत्तर साली कौसल्याने रविंद्ररावांशी लग्न केले. ते शेतकरी हिंदू घरचे. वस्तीत चर्चा झाली. मी तिला घालवून दिले नाही, पण ये असेही म्हटले नाही. ती कोराडीच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली.

ऐंशीच्या जानेवारीत वस्तीच्या समितीने या नऊ पाट्यांच्या वाटेचे रीतसर उद्घाटन ठरवले. वाटेच्या सुरुवातीला एक मोठी फरशी लावायची होती, तिच्यावर ही वाट उभी करणाऱ्यांची नावे. अध्यक्ष महादेवराव यांनी कागद आणून दिला. अकरा नावे होती. पहिले त्यांचे, सातवे माझे. कौसल्याचे नव्हते.

मी म्हणालो, "पोरीचं राहिलं."

"राहिलं नाही, काढलं. तिचं नाव टाकलं तं अर्धी वस्ती कार्यक्रमाले येणार नाही. समजून घे गा."

मी समजून घेतले. पंधरा दिवस बसून ती फरशी मी माझ्या या हाताने कोरली. कोणी माझा हात धरला नव्हता.

उद्घाटनाला कौसल्या आली. कडेवर शामला होती, पाच महिन्यांची. भाषणे संपून माणसे चहाकडे वळली, तेव्हा ती फरशीपाशी गेली. पहिल्यापासून अकराव्या नावापर्यंत वाचले. पुन्हा वरून वाचले. मी जवळच उभा होतो. ती म्हणाली, "बाबा, अक्षरं खूप सुरेख आली." आणि शामलाला माझ्यापुढे धरले. माझे हात स्वच्छ होते. तरी मी ते धोतराला पुसत राहिलो. थोडा वेळ थांबून तिने पोरीला परत खांद्याशी घेतले आणि बसकडे गेली.

त्यानंतर मी तिला पाहिले ते ब्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये, मेयो हॉस्पिटलात. कावीळ डोक्यात चढली होती. तिने मला ओळखले नाही.

५. तिच्या क्वार्टरमध्ये मी पहिल्यांदा गेलो तो ती गेल्यानंतर. बसने एक तासाचा रस्ता आहे. रविंद्ररावांनी पाणी दिले, वह्या पुढे ठेवल्या. मी म्हणालो, तिच्या नावाची पाटी करतो. ते म्हणाले, "तिनं पाटी कधीच मागितली नाही, बाबा. रविवारी दोन माणसांचा स्वयंपाक जास्त करायची. कोणी येते का, म्हणून." ते रागाने बोलले नाहीत. रागाने बोलले असते तर मला बरे वाटले असते.

तिसऱ्या वहीच्या शेवटच्या पानावर तिने दहाव्या पाटीचा मजकूर लिहून ठेवला आहे: "या ओट्यावर बसून चंद्रभान सोमकुवर यांनी आमच्या वस्तीला अक्षरे दिली." खाली तारीख आहे. उद्घाटनानंतरची, सहा दिवसांनी.

ही पाटी कोणीही, कधीही लावू नये. ही माझी सक्त ताकीद समजावी.

६. माझ्या सर्व छन्न्या, हातोड्या व घासायचे दगड मोमिनपुऱ्यातील हबीबभाई यांना द्यावेत. ते कबरींवरचे दगड कोरतात, तीस वर्षांचे माझे सोबती आहेत. बदल्यात एक काम त्यांनी कबूल केले आहे. खाटेखाली एक काळा दगड आहे. त्यावर "कौसल्या" एवढे कोरून झाले आणि माझा हात गेला. पुढचे त्यांनी पुरे करावे. मजकूर असा: "कौसल्या जयवंता हिने ही वाट शोधली." जयवंता तिची आई, माझी मयत बायको. बापाचे नाव घालू नये, कोरणाऱ्याचेही घालू नये.

समितीने ही पाटी वाटेवर लावायला दोनदा नकार दिला आहे. म्हणून ती माझ्या घराच्या रस्त्याकडील भिंतीत बसवावी. भिंत माझी आहे, यापुढे शामलाची. घर तिने पुढे विकले तरी चालेल, दगड सोबत न्यावा.

७. वामनरावांना मी व्यवस्थापक नेमतो. त्यांना माझी शेवटची विनंती. शामला वाचायला शिकली की तिला विहिरीपासून चालवत आणावे. सुरुवातीच्या मोठ्या फरशीपाशी थांबू नये. आमच्या भिंतीशी आल्यावर कोणी तिला वाचून दाखवू नये. 'ल्या'पाशी ती अडेल. अडू द्यावे, घाई करू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

चंद्रभान सुखदेव सोमकुवर
निशाणी डाव्या हाताचा अंगठा

आम्हा दोघांच्या देखत चंद्रभानजींनी अंगठा उठवला व त्यांच्या देखत आम्ही सह्या केल्या:
१. सिंधूताई नगराळे, राहणार चिंचटोली
२. देवाजी तिरपुडे, निवृत्त पोस्टमन, राहणार प्रताप नगर

लिहिणार: वामनराव ढोके

नागपूर, दिनांक ११ मार्च १९८५