रिकाम्या बंबाची हकीकत

वसमत, सोमवार

तीर्थस्वरूप शेषराव दाजी यांच्या पायांवर धाकटा मेव्हणा रामकिशन याचं डोकं. (नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ टेकवलंय असं समजा.) अक्काच्या गुडघ्यांना करडीच्या तेलाने उतार पडला का? वारंगा फाट्यावरचं तुमचं पंक्चरचं दुकान जोरात असेलच. रस्त्याचं काम चालू आहे तोवर तुम्हाला काळजी नाही. इकडे हळद शिजवून झाली, वाळत घातलीय. रूपाबाईची तब्येत उत्तम आहे, आणि उत्तमच होती. तुमच्या पोराकडून, माऊलीकडून, मी घाईने परत आलो तेव्हा बायको आजारी आहे असं सगळ्यांना सांगितलं होतं, पण त्या दिवशी ती हळदीच्या ढिगाशी उभी राहून मजुरांवर ओरडत होती. फोनवर सांगता आलं असतं, दोनदा लावलाही. पण तुमचं ‘हां, बोल’ कानावर आलं की मी तिकडच्या पावसाची चौकशी करतो. (मार्चमध्ये.) म्हणून हा कागद.

तुम्ही माऊलीशी बोलत नाही हे अक्काकडून कळलं. आगीचा बंब रिकामा गेला तो आपल्या चुकीने, असं त्यानेच तुम्हाला सांगितलं, आणि पंक्चर काढणारासुद्धा हवा बघून चाक लावतो, असं तुम्ही त्याला सुनावलंत. दाजी, वाक्य जोरदार आहे. फक्त पत्ता चुकला. ते माझ्या घरी यायला हवं होतं.

झालं असं. माऊली त्या बंदराच्या शहरात अग्निशमन दलात लागला, त्याचा मामाने पाहुणचार घेऊ नये तर कुणी घ्यावा? गेलो. केंद्र बंदराच्या अगदी जवळ. पोरं गुणी, मला सगळी ‘मामा’ म्हणायची. पण रोज सकाळी कवायत, आणि कवायतीत ही पोरं मोठाल्या पाइपांनी हवेत पाणी उडवायची. नुसतं! जमिनीवर! दाजी, मी जन्मभर ग्रामसेवक. उन्हाळा आला की टँकरपुढे उभं राहून हंड्यांची रांग लावायची, भांडणं सोडवायची, एखादीचा हंडा भरून झाल्यावर तोटीतून गळणारे थेंबसुद्धा दुसरीच्या कळशीत धरायचे, यात माझी हाडं झिजली. ते उडणारं पाणी बघून मला सकाळचा चहा गोड लागेना. माऊलीला तसं म्हणालो तर तो हसला, म्हणाला, ‘मामा, हे पाणी पिण्यासाठी न्हाई, विझवण्यासाठी हाय. गाडीला हात लावू नका.’ हे त्याने मला आधीच सांगितलं होतं, ही नोंद तुम्ही घ्यावी.

त्या दिवशी शेजारच्या वस्तीची पाइपलाइन फुटली. दुपारी माऊली आणि पोरं वर जेवायला गेली होती, मी खाली बंबाच्या सावलीत बसलो होतो. फाटकातून एक बाई कळशी घेऊन आली आणि म्हणाली, काका, लेकराला प्यायला तरी द्या. आता तुम्हीच सांगा, समोर भरलेला टँकर, मागे व्हॉल्व्ह, आणि कळशी घेऊन उभी राहिलेली बाई. हात आपोआप गेला. एकीची अख्खी वस्ती कधी झाली ते कळलंच नाही. मी रांग लावली. घरटी दोन हंडे, घुसखोरी चालणार नाही, म्हातारीला आधी! फाटकावरच्या शिपायाला वाटलं कुणी मोठे साहेब आले आहेत. त्याने मला सलाम ठोकला. (मी तो घेतला.) निवृत्तीनंतर इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. शेवटच्या बाईपाशी धार बारीक झाली तेव्हा सवयीने म्हणालो, ‘संपलं, आता उद्या या.’ आणि व्हॉल्व्ह नीट घट्ट बंद केला.

बाया गल्लीच्या वळणावर दिसेनाशा झाल्या आणि घंटा वाजली. पोरं उष्ट्या हातांनी धावत आली, सकाळी भरून ठेवलेला बंब म्हणून कुणी पाण्याचा काटा बघितला नाही, बंब गेला. मी हात हलवून निरोप दिला. मग पाणी आठवलं आणि बंबामागे पळत सुटलो. धक्क्यावर एक मासेमारीची होडी पेटली होती. माऊलीने पाइप रोखला. आधी चूळ भरल्याएवढं पाणी आलं, मग नुसती हवा. दाजी, समोर अख्खा समुद्र आणि आमच्या लेकराच्या हातात कोरडा पाइप! गर्दीतले काही लोक हसले. पोरांनी समुद्रात पंप सोडून, दुसरा बंब येईपर्यंत आग आवरली. माणसं सगळी वाचली. एका खलाशाची जाळी मात्र जळाली. तो धक्क्यावर बसून त्या जाळ्यांकडे बघत होता. तो अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

परत आल्यावर साहेबांनी सगळ्यांना ओळीत उभं करून विचारलं, पाणी कुठे गेलं? मी खांबाशी उभा होतो. ‘मी’ एवढाच शब्द, तोही जिभेवर आलेला. पण तोंड उघडलं नाही. माऊलीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘सर, व्हॉल्व्ह माझ्याकडूनच नीट बंद झाला नसेल.’ जो मी इतका घट्ट बंद केला होता! संध्याकाळी मी काही बोलायच्या आत त्याने माझं ताट वाढलं, म्हणाला, ‘मामा, तुमाला तकलीफ नको.’ मी जेवलो. वर पापडही मागितला. दुसऱ्या दिवशी बस धरली.

येत्या गुरुवारी चौकशी आहे. तिथे जाऊन, साहेबांपुढे उभं राहून, झालेलं सगळं मी माझ्या तोंडाने सांगणार आहे. तुम्ही पोराला बोल लावू नका. तो तुमचाच शोभतो. मामावर गेलेला नाही.

आपला लज्जित,
रामकिशन

ता. क. दोन दिवसांपासून माझी कंबर धरली आहे. प्रवास लांबचा. वडील माणसाच्या शब्दाला वजन असतं, तेव्हा माझ्याऐवजी तुम्हीच गेलात तर? तिकीट मी काढतो.

ता. क. २. वरचं खोडा. रूपाबाईने वाचलं. म्हणाली, ‘हंडे भरताना कंबर कुठं गेली व्हती?’ आता तीच हे पत्र टपालात टाकायला निघालीय, म्हणजे माघार संपली. मी बुधवारच्या बसने निघतो.

ता. क. ३. खरं काम हे, दाजी. गुरुवारी दुपारी माऊलीला फोन करा. अबोला सोडायला तेवढं निमित्त पुरे. विचारा, मामा आत आला का? नाही म्हणाला, तर मी फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसलेला असेन. त्याला म्हणा, बाहेर ये आणि मामाला हाताला धरून आत ने.